कोमट समुद्रातली थंडी

२८ अंश सेल्सिअसच्या खोलीत आपल्याला पंख्याशिवाय बसवत नाही. तेवढ्याच तापमानाच्या समुद्रात नुसत्या पोहण्याच्या कपड्यांवर तासभर राहिलेला माणूस मात्र दात वाजवत बोटीवर चढतो. मालवण, अंदमान, लक्षद्वीप, मालदीव अशा ठिकाणी स्कूबा डायव्हिंगला जाणाऱ्यांपैकी अनेकांना पहिला प्रश्न हाच पडतो : पाणी तर कोमट आहे, मग हा घट्ट रबरी सूट कशाला? काहींचा विचार उलटा असतो : सूट घालायचाच, तर मिळेल तो सगळ्यात जाड का घालू नये? दोन्ही शंका रास्त आहेत. पाणी अंगातली ऊब कशी नेतं आणि सूट तिला कसा अडवतो हे एकदा कळलं, की दोन्हींचं उत्तर आपोआप मिळतं. माझं सांगणं थोडक्यात असं : पाण्यात उतरताना काय बरं वाटेल ते पाहून सूट निवडू नये. दिवसातल्या शेवटच्या बुडीची शेवटची वीस मिनिटं डोळ्यांसमोर ठेवून तो निवडावा.

पाणी ऊब कशी नेतं

आपल्या शरीराच्या गाभ्याचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं आणि त्वचेचं साधारण ३३. भोवताली याहून गार काहीही असलं, की अंगातली उष्णता तिकडे वाहू लागते. हवेतही हे घडतं, पण हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट सहजतेने उष्णता वाहून नेतं. शिवाय एक लिटर हवा एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ साडेतीन हजारपट उष्णता एक लिटर पाण्याला लागते. त्यामुळे अंगाभोवतीचं पाणी थोड्या वेळाने तापेल आणि मग गार वाटणार नाही, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. अंगाने तापवलेलं थोडंसं पाणी लगेच वर सरकतं किंवा प्रवाहाबरोबर निघून जातं आणि त्याच्या जागी नवं गार पाणी येतं.

उघड्या अंगाने स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा वाटावा, यासाठी पाण्याचं तापमान ३३ ते ३५ अंश लागतं. अंदमान-लक्षद्वीपचा समुद्र वर्षातला बहुतेक काळ २७ ते ३० अंशांच्या दरम्यान असतो. म्हणजे डायव्हर ज्याला गरम पाणी म्हणतात, तेही अंगापेक्षा गारच असतं. फरक पडतो तो एवढाच, की तिथे थंडी झडप घालत नाही, हळूहळू चढते.

स्कूबाची रीतही या थंडीला हातभार लावते. पोहणारा माणूस हातपाय मारतो, त्यातून ऊब तयार होते. चांगला डायव्हर मात्र होता होईल तेवढी हालचाल टाळतो, कारण टाकीतली हवा पुरवून वापरायची असते. शिवाय टाकीतली हवा कोरडी असते आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे ती तोंडाशी आणणाऱ्या उपकरणातून, येताना गार होते. तिला उबदार आणि ओलसर करण्याचं काम प्रत्येक श्वासाला फुप्फुसांना करावं लागतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच जाणवत नाही. शरीर त्वचेकडचं रक्त आवरून घेतं आणि ऊब गाभ्याशी राखून ठेवतं. तेवढ्याने भागेनासं झालं, की अंगावर काटा येतो आणि मग हुडहुडी भरते.

गाभ्याचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं, तर त्या अवस्थेला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. कोमट पाण्यातल्या पाऊण तासाच्या बुडीत सहसा तिथवर मजल जात नाही. पण त्याच्या कितीतरी आधी बोटं बधिर होऊ लागतात, श्वास वाढून हवा लवकर संपते आणि लक्ष उडतं. प्रेशर गेजकडे पाहायचं राहून जातं, बरोबरच्या डायव्हरकडे दुर्लक्ष होतं. पाण्याखाली खरा धोका या विसरण्यात असतो.

निओप्रीनमधले बुडबुडे

वेटसूटबद्दल एक समज पक्का रुजला आहे : सूट आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, अंगाच्या उबेने तो तापतो आणि आपल्याला गरम ठेवतो. यात अर्धंच सत्य आहे. पाण्याचा थर तापतो हे खरं, पण तो तापवायला आपलीच उष्णता खर्च होते. थंडी अडवतो तो सूटच्या रबरात कोंडलेला वायू.

निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते फेसाळवून त्यात वायूचे असंख्य बारीक, बंद बुडबुडे कोंडता येतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाखाचा विचार करत होते. तोवर सगळ्यांची खटपट पाणबुड्याला कोरडं ठेवण्याची होती. ब्रॅडनर यांच्या ध्यानात आलं, की ऊब टिकवायला कोरडं राहण्याची गरजच नाही. कापडातच वायू कोंडलेला असेल, तर अंग ओलं असूनही उबदार राहील. आजचा वेटसूट या एका विचारातून जन्मला.

सूट घट्ट का हवा, तेही यावरून उलगडतं. आत शिरलेलं थोडं पाणी जागच्या जागी राहिलं, तर एकदा तापून ते आपलं नुकसान थांबवतं. सूट सैल असेल, तर प्रत्येक हालचालीला मानेतून गार पाणी आत येतं आणि तापलेलं पाणी घोट्यातून बाहेर जातं. सैल ५ मिलिमीटरच्या सूटपेक्षा अंगाबरोबर बसलेला ३ मिलिमीटरचा सूट अनेकदा जास्त उबदार ठरतो तो यामुळेच.

पण वायूचे बुडबुडे म्हटले, की दाबाचा नियम आला. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट. बुडबुडे त्या प्रमाणात आकसतात आणि सूट पातळ होतो. नव्या पिंजलेल्या कापसाची दुलई आणि वर्षानुवर्षं दबून चपटी झालेली दुलई यांच्या उबेत जो फरक असतो, तोच इथे काही मिनिटांत पडतो. तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात घातलेला ३ मिलिमीटरचा सूट विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेवर नेला, तर तो तेवढीच ऊब देणार नाही. तिथल्या प्रवाळपठाराचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे. म्हणून सूट ठरवताना पाणी किती गार आहे याबरोबर किती खोल जायचं आहे, हेही विचारावं.

किती जाड?

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. पुढचे आकडे प्रौढ, निरोगी आणि साधारण बांध्याच्या माणसासाठी, साधारण पाऊण तासाची बुडी गृहीत धरून आहेत.

पाणी २९ अंश किंवा त्याहून गरम असेल आणि दिवसातून एकदोनच बुड्या असतील, तर लायक्राचा अंगभर सूट किंवा २ मिलिमीटरची शॉर्टी पुरते. शॉर्टी म्हणजे कोपरापर्यंत बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंत पायांचा निओप्रीन सूट. लायक्रा ऊब जवळजवळ देतच नाही, त्याचा उपयोग वेगळा आहे, तो पुढे सांगतो. २६ ते २८ अंशांच्या पाण्यात ३ मिलिमीटरचा अंगभर सूट हवा. भारतात डायव्हिंग करणाऱ्याने एकच सूट विकत घ्यायचा झाला, तर तो हाच घ्यावा. २३ ते २५ अंशांत ५ मिलिमीटरचा सूट लागतो आणि त्याखाली ७ मिलिमीटर, हूड वगैरे. पण ते गरम पाणी राहिलंच नाही.

या आकड्यांना माणसागणिक मुरड घालावी लागते. शिडशिडीत माणसाला लवकर थंडी वाजते, कारण कातडीखालची चरबी हाच शरीराचा स्वतःचा सूट असतो. लहान मुलं तर फारच लवकर गारठतात, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बापाला पुरतो तेवढाच पातळ सूट देऊ नये, एक पायरी जाड द्यावा. वाढतं वय, अपुरी झोप, रिकामं पोट, आदल्या रात्रीचं मद्य यांनीही थंडी वाढते.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो बुड्यांच्या संख्येने. पहिल्या बुडीत गेलेली ऊब दुसरीच्या आधीच्या तासाभरात पूर्ण भरून निघत नाही. बोटीवर ओला सूट अंगावर, त्यात वारा. सूटमधलं पाणी वाफ होऊन उडताना अंगातलीच उष्णता घेऊन जातं. मग तिसऱ्या बुडीत तेच २८ अंशांचं पाणी बोचायला लागतं. सलग चारपाच दिवस डायव्हिंग असेल, तर पहिल्या दिवशी सुखाचा वाटलेला सूट चौथ्या दिवशी अपुरा पडतो. यावर सोपा उपाय म्हणजे २ मिलिमीटरचं हूड असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. ते सूटच्या आत घालता येतं, बॅगेत जागा खात नाही आणि छाती, मान, डोकं एकदम झाकतं. दोन बुड्यांच्या मध्ये सूट कमरेपर्यंत उतरवावा, अंग पुसून विंडचीटर चढवावा आणि काहीतरी गरम प्यावं.

नकाशा पाहून फसू नका

उष्ण कटिबंधातला समुद्र म्हणजे गरम पाणी, हे गृहीतक अनेकांना महागात पडतं. बालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत नुसा पेनिडा बेट हमखास असतं. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथे खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं. याच दिवसांत मोला मोला हा अजस्र मासा दिसतो, म्हणून डायव्हर तिथे गर्दी करतात. त्या वेळी काही जागी पाणी २० अंशांच्याही खाली उतरतं. पॅसिफिकमधली गालापागोस बेटं तर विषुववृत्तावरच आहेत, पण गार प्रवाहांमुळे वर्षाच्या उत्तरार्धात तिथे ५ ते ७ मिलिमीटरचे सूट घालतात. दुबईत राहणारे आपले लोक सुटीच्या दिवशी फुजैराला डायव्हिंगला जातात. तिथे उन्हाळ्यात पाणी तिशीच्या पुढे असतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत २२-२३ अंशांवर येतं. जागा एकच, पण सहा महिन्यांच्या अंतराने सूट पूर्ण वेगळा.

एकाच बुडीतही तापमान बदलतं. वरच्या गरम आणि खालच्या गार पाण्यामध्ये कधी कधी ठळक सीमा असते, तिला थर्मोक्लाइन म्हणतात. हात खाली केला तर बोटांना गारवा आणि खांद्याला ऊब, इतकी ती स्पष्ट जाणवते. म्हणून 'पाण्याचं तापमान किती?' या प्रश्नावर मिळालेलं उत्तर बहुधा पृष्ठभागाचं असतं, हे लक्षात ठेवावं आणि तळाचं तापमान आवर्जून विचारावं.

काट्या-दंशांपासून आणि उन्हापासून

थंडी अजिबात वाजत नसली, तरी अंग झाकावं याची दोन भक्कम कारणं आहेत.

पहिलं कारण समुद्रातल्या जीवांचं. जेलीफिश, हायड्रॉइड, अग्निप्रवाळ यांच्या अंगावर सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतो. हा तंतू इतका आखूड असतो, की लायक्राचा पातळ थरही बहुतेक वेळा त्याला त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही. इराणच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे जेलीफिशच्या मोसमात अंगभर सुती कपडे घालून बुडी मारत, ते याच कारणाने. शॉर्टी घातलेल्या डायव्हरचे गुडघे, पोटऱ्या आणि हात नेमके उघडे राहतात. म्हणून गरम पाण्यातही मी शॉर्टीपेक्षा अंगभर पातळ सूटच्या बाजूने आहे. समुद्री साळिंदराचे काटे आणि लायनफिशचा दंश मात्र निओप्रीनमधूनही आत जातो. त्यांच्यापासून वाचवतं ते फक्त अंतर राखणं.

दुसरं कारण उन्हाचं. बोटीवरचे दोन तास आणि पृष्ठभागावर पालथं तरंगत घालवलेली मिनिटं मान, पाठ आणि पोटऱ्या भाजून काढतात. यूपीएफ ५० दर्जाचं कापड अतिनील किरणांचा साधारण पन्नासावा भागच आत सोडतं. भिजलेला सुती टी-शर्ट त्या मानाने फारच कमी रोखतो, वर जड होतो आणि फुगून बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तोल सांभाळायच्या जाकिटाच्या, पट्ट्यांत अडकतो. जीन्स घालून पाण्यात उतरण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे समजावून सांगायला हवं. सुती कपडा पाण्यात ऊब देत नाही, नुसतं ओझं होतो. संकोचापोटी जीन्स घालायची असेल, तर अंगभर लायक्रा आणि वर हवी असल्यास सैल शॉर्ट्स हा पर्याय सोयीचाही आहे आणि अंग झाकणाराही.

अंग झाकलेलं असलं, की सनस्क्रीनही कमी लागतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधली दोन रसायनं प्रवाळांना अपाय करतात या चिंतेतून हवाई राज्याने त्यांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. चेहरा आणि हाताचा पंजा सोडून बाकी सगळं कापडाने झाकणं हा या प्रश्नावरचा सगळ्यात साधा तोडगा आहे.

हातमोज्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. गरम पाण्यात ते घालू नयेत. हात सुरक्षित आहे असं वाटलं, की माणूस आधारासाठी प्रवाळाला धरतो. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात याच कारणाने हातमोज्यांना मनाई आहे. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून मालवणचं सागरी अभयारण्य आहे. उघडा हात आपसूक जपून वावरतो.

जाड सूटचं ओझं

आता दुसऱ्या शंकेकडे : मग सगळ्यात जाड सूटच का नको?

निओप्रीन तरंगतं. सूट जितका जाड, तितकं त्याला बुडवायला कमरेला जास्त शिसं. हे शिसं पृष्ठभागावरच्या फुगलेल्या सूटचा हिशेब करून बांधलेलं असतं. खाली गेल्यावर सूट आकसतो, पण शिसं तेवढंच राहतं, म्हणून डायव्हर वाजवीपेक्षा जड होतो आणि बीसीडीत हवा भरून तोल सांभाळतो. वर येताना सूट आणि बीसीडी दोन्ही फुगतात आणि वेगाने वर फेकले जाण्याचा धोका वाढतो. बुडीच्या शेवटी भर पडते ती टाकीची. नेहमीच्या टाकीतल्या हवेचं वजनच अडीच किलोच्या आसपास असतं आणि ती संपत आली की टाकी तेवढी हलकी होते. पातळ सूटमध्ये हे सगळं सांभाळणं सोपं असतं. नवशिक्याला तर फारच.

शिवाय उकाडा. एप्रिल-मेच्या कोकणातल्या उन्हात ५ मिलिमीटरचा काळा सूट गळ्यापर्यंत चढवून बोटीत अर्धा तास बसलेला माणूस पाण्यात उतरण्याआधीच घामाने निथळलेला आणि थकलेला असतो. पाण्यात गेल्यावर लघवीचं प्रमाण वाढतं, त्यामुळे शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. सूट कमरेपर्यंतच चढवून सावलीत बसावं, पाणी पीत राहावं आणि उडी मारायच्या पाच मिनिटं आधी चेन ओढावी.

ऊब आणि नायट्रोजन यांचाही जवळचा संबंध आहे. दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो आणि वर येताना तो बाहेर पडावा लागतो, नाहीतर त्याचे बुडबुडे होऊन डीकॉम्प्रेशनचा त्रास होतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने २००७ साली मांडलेल्या अभ्यासात असं दिसलं, की तळाशी उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हरना डीकॉम्प्रेशनचा त्रास होण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. तळाशी गार आणि वर येताना उबदार राहिलेल्यांमध्ये ते कमी होतं. थंडीत हातापायांकडचं रक्त आटतं आणि तिथला नायट्रोजन लवकर निघत नाही, हे त्यामागचं कारण. ते प्रयोग हौशी बुडीपेक्षा खोल आणि लांब होते, पण त्यातला इशारा आपल्यालाही लागू आहे. बुडीच्या शेवटी कुडकुडत ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप करणं, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडायला थांबणं, हे नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचंही आहे. शेवटच्या वीस मिनिटांचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

भाड्याचा सूट घेताना

बहुतेकांना सूट डायव्हिंग सेंटरवरच मिळतो. घाईत हातात दिलेला सूट निमूटपणे घालू नये. छाती, कंबर आणि विशेषतः पाठीचा खालचा भाग इथे पोकळी राहता कामा नये. काखेत आणि मांडीत चुण्या पडता कामा नयेत. गळा घट्ट हवा, पण आवळणारा नको. मानेच्या धमनीवर दाब आला तर चक्कर येऊ शकते. हात वर करून दीर्घ श्वास घेऊन पाहावा. छाती भरून येत नसेल तर एक माप मोठा मागावा. निओप्रीन दाबून पाहावं. जुना सूट कागदासारखा चपटा झाला असेल, तर त्यावर लिहिलेल्या जाडीला काही अर्थ उरत नाही. आत स्वतःचा रॅशगार्ड, म्हणजे अंगाबरोबर बसणारा पातळ लायक्राचा शर्ट, घातला, तर स्वच्छतेची काळजी मिटते आणि घासून काख, मान सोलवटत नाही. स्वतःचा सूट असेल, तर दर वेळी गोड्या पाण्यात खळबळून रुंद हँगरवर सावलीत वाळवावा. ऊन आणि घड्या निओप्रीनचं आयुष्य खातात.

आणि एवढं सगळं करूनही पाण्याखाली थंडी वाजली, तर दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळण्याची खूण करावी. जगभरचे डायव्हर ती ओळखतात. हुडहुडी भरणं हे बुडी आटोपती घ्यायला पुरेसं कारण आहे, मग समोर कितीही सुंदर मासा असो आणि टाकीत कितीही हवा शिल्लक असो. चांगला इन्स्ट्रक्टर त्या खुणेला कधीच नाराज होत नाही, आणि जो नाराज होतो त्याच्याबरोबर पुन्हा पाण्यात उतरू नये.